गुडघ्यांवरची पितळी टाकी

घरी बांधलेल्या लहान विमानात पेट्रोलची टाकी कुठे बसवावी? या एका प्रश्नाचे उत्तर मी एकदा शोधायला घेतले होते. प्रश्न साधा आहे. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला तो फळ्यावर मांडता येईल. उत्तरही मला फार उशिरा सापडले असे नाही. उशीर झाला तो ते सांगायला, आणि त्या उशिराचे कारण पदार्थविज्ञानात बसत नाही. दोन्ही गोष्टी क्रमाने सांगतो.

ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही हकिकत. विलीनीकरणाने आमच्या घरातल्या तीन पुरुषांचे तीन प्रकार झाले. वडील संस्थानच्या दफ्तरखान्यात अभिलेखपाल होते. दफ्तरे नव्या सरकारच्या ताब्यात गेली आणि त्यांना मुदतीआधीच निवृत्त केले गेले. माझा आतेभाऊ, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा मुलगा, संस्थानच्या मोटारखान्यात मुख्य कारागीर होता. मोटारखाना मोडला आणि तो घरी बसला. मी लष्कर भागातल्या एका शाळेत शिकवत होतो. माझ्या शाळेची फक्त पाटी बदलली. ज्याचे काहीच गेले नाही असा मी एकटा, आणि तरी ज्यांचे गेले त्यांचाच मला हेवा वाटू लागला. तो का, हे पुढे येईल.

आतेभाऊ माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठा. शिक्षण इंग्रजी चौथीपर्यंत. पण बंद पडलेल्या इंजिनाला कान लावून दोष सांगण्याची त्याची हातोटी अशी, की लोक त्याच्याकडे वैद्याकडे यावे तसे येत. रिकामा झाल्यावर महिनाभर तो पडून राहिला. मग युद्धानंतर मोडीत निघालेल्या मालातून त्याने एक जुने इंजिन मिळवले, नया बाजारामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवले आणि जाहीर केले, "मी विमान बांधतो."

घरात सगळे हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी विचारले, "किती दिवस लागतील?"

"मामा, दिवस नका विचारू. बरस विचारा."

"मग नोंद ठेवावी लागेल," वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते शेडमध्ये जाऊ लागले. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर टोपी, हातात छत्री. दफ्तरखान्यात जात तसेच, साडेनऊला. तिथे एका खोक्यावर बसून त्या दिवशी कोणते लाकूड कापले, कोणती तार ताणली, कोणता भाग नापसंत होऊन काढून टाकला, हे ते मोडी लिपीत लिहून ठेवत. कामावर एक हिंदीभाषक सुतार होता, आम्ही त्याला मिस्त्री म्हणत असू. तो वडिलांना "हुजूर" म्हणे. वडिलांना ते आवडे.

संध्याकाळी जेवताना वडील फक्त विमानाबद्दल बोलत. पंखाची कमान कशी धरली, अश्रूच्या आकाराचा खांब वाऱ्याला कमी अडवतो, वगैरे. वाऱ्याचा अडथळा हा विषय मी त्याच वर्षी वर्गात शिकवत होतो, पंखा आणि कागदाचे आकार घेऊन मी त्याचा प्रयोगही बसवला होता. शाळेत पालकांसाठी प्रदर्शन होते, त्या दिवशी मी वडिलांना आठवण केली.

"आज शेपटीचं कापड चढतंय," ते म्हणाले. "तुझं प्रदर्शन काय, दरसाल असतंच."

प्रदर्शन दरसाल नसे. मी ते म्हणालो नाही. शाळेत गेलो, प्रयोग दाखवला, एका डॉक्टरांनी शाबासकी दिली. घरी आल्यावर वडिलांनी मला शेपटीचे कापड ताठ राहावे म्हणून त्याला मांडाऐवजी लुकण कसे लावतात ते समजावून सांगितले. मी ऐकून घेतले. हेवा असाच जमत जातो. कोणी माझे काही हिरावून नेत नव्हते. मला कधीच न मिळालेली एक वस्तू दुसऱ्याला सहज मिळत होती, आणि ती मी रोज माझ्याच ताटासमोर पाहत होतो.

मग टाकी आली.

मोटारखाना मोडताना तिथल्या जुन्या कारागिरांना एकेक वस्तू आठवण म्हणून मिळाली होती. आतेभावाला मिळाली ती एका जुन्या स्वारीच्या मोटारीची पितळी टाकी. त्या काळच्या काही मोटारींत टाकी पुढे, चालकाच्या गुडघ्यांवर, काचेखाली असे. पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरे, पंप लागत नसे. ती टाकी आतेभावाने चिंचेच्या कोळाने घासून सोन्यासारखी केली. सांधे पुन्हा कथलाने भरले. आणि विमानात ती अगदी तशीच बसवली: इंजिनाच्या लगेच मागे, पुढच्या बैठकीच्या समोर, बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर. विमान दोन बैठकींचे होते. पुढे उतारू, मागे चालवणारा. वर खांबांवर उचललेला एकच लांब पंख.

मोटारखान्यातल्या माणसाला त्यात चुकीचे काही दिसणे शक्यच नव्हते. तिथली शिस्त अशी की उत्तम वस्तू मालकाच्या नजरेसमोर हवी आणि ती चकाकती हवी. वडील तर टाकी बसवली त्या दिवशी घरी आले ते भरून आलेले.

"दरबारची एक वस्तू आता आकाशात जाणार," ते म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुद्दाम शेडमध्ये गेलो. का गेलो हे प्रामाणिकपणे सांगतो: दोष शोधायला. विमानाभोवती मी दोन फेऱ्या मारल्या. मिस्त्रीने विचारले, "मास्साब, इम्तिहान जहाज का है कि हमारा?" आतेभाऊ हसला. म्हणाला, "अरे, त्याला आदत आहे. लाल पेन्सिल खिशात घेऊनच जन्मला तो."

तेवढ्यात माझी नजर टाकीवर गेली आणि मला दोष दिसला.

तो असा. विमान नाकावर आपटले तर सर्वांत आधी इंजिन थांबते. मागचे सगळे त्याच वेळी थांबत नाही, ते पुढे येतच राहते. म्हणजे इंजिन आणि उतारू यांच्या मधे जे असेल ते चिरडले जाणार. इथे मधे होती टाकी. कथलाचा सांधा दाबाखाली उकलतो आणि थोड्या उष्णतेतही वितळतो. टाकीखालून जाणारी नळी तांब्याची, सरळ आणि ताठ. तिला ताण सोसायला वळण दिलेले नव्हते, म्हणजे टाकी बोटभर सरकली तरी ती तुटणार. पेट्रोल बंद करण्याची तोटी पुढच्या बैठकीच्याही पुढे, चालवणाऱ्याच्या हाताबाहेर. आणि हे सगळे इंजिनाच्या तापलेल्या धूरनळीपासून दीड हातावर. आपटण्याने हाड मोडेल; त्यातून माणूस वाचतो. पण गुडघ्यांवर पेट्रोल सांडून मग आग लागली तर बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

मी काही बोललो नाही. मनात आधी खात्री करून घ्यायचे ठरवले. हा शिक्षकाचा गुण आहे, त्याबद्दल मला आजही खेद नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मी उतरत्या फळीवर चाकांची एक लाकडी गाडी सोडली. गाडीच्या नाकाशी वीट, ते इंजिन. विटेमागे कथलाने डागलेला पत्र्याचा डबा, त्यात रंगीत पाणी, ती टाकी. डब्यामागे चिंध्यांचा बाहुला. गाडी भिंतीवर आपटली की डबा विटेवर दाबला जाई, सांधा उकले आणि बाहुला लाल होई. मी डबे बदलून पुन्हा पुन्हा केले. मग डबा गाडीच्या मध्यावर, बाजूला काढलेल्या आडव्या हातावर बांधला, पंखात टाकी असावी तसा, आणि नळीला एक सैल वेढा दिला. आता डब्याला पोचे पडले, पण बहुतेक वेळा तो फुटला नाही, आणि एकदा फुटला तेव्हा पाणी बाहुल्यापासून दूर पडले.

म्हणजे उत्तर मिळाले. त्याच संध्याकाळी मी खासगी बाजारातल्या आमच्या घरातून निघून दहा मिनिटांत शेडमध्ये पोचू शकलो असतो.

मी गेलो नाही. त्या सुमारास माझ्याकडे एक फाइल आली होती. आतेभावाने विमान जमिनीवर पळवून पाहण्यासाठी गावाबाहेरचे एक मोकळे मैदान वापरण्याची परवानगी मागितली होती. कचेरीत अशा अर्जाचे काय करायचे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तो "शास्त्रीय अभिप्रायासाठी" शाळेकडे, आणि शाळेकडून माझ्याकडे आला होता. मी अभिप्राय लिहिला. सुवाच्य, मुद्देसूद, आकृतीसह. टाकीची जागा सदोष आहे, ती बदलल्याशिवाय परवानगी देऊ नये. सही केली आणि फाइल रीतसर परत पाठवली.

आता हे सांगितले पाहिजे की मध्य भारताची राजधानी तेव्हा अर्धे वर्ष ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. कचेऱ्या पेट्या भरून जात आणि पेट्या भरून येत. मी फाइल पाठवली त्या आठवड्यात पेट्या भरल्या जात होत्या. माझा अभिप्राय इंदूरला जाणार, आणि पावसाळ्याआधी तो कोणी उघडणार नाही, हे मला पक्के माहीत होते. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कागद सांभाळण्यात गेल्या. कागद कुठे पाठवला की तो पोचतो आणि कुठे पाठवला की तो पोचत नाही, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही.

मी स्वतःला सांगितले की मी माझे कर्तव्य केले. दोन महिने तेच सांगत राहिलो. जेवताना वडील टाकीचे कौतुक करत तेव्हा मी आमटी वाढून घेई. आतेभाऊ विमानातून पडावा असे मला वाटत होते का? नाही. त्याचे हसे व्हावे, फाइल परत यावी, तिच्यावर माझी सही असावी, आणि वडिलांनी ती वाचावी, असे मला वाटत होते.

वैशाखात आतेभावाने तोंडी परवानगी मिळवली. मागे राहिलेल्या एका कारकुनाने त्याला सांगितले, "उडाना मत, बस दौड़ा लो." एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, विमान बैलगाडीला बांधून मैदानावर नेले. मीही गेलो. तोपर्यंत मला वाटत होते की आतेभाऊ एकटा मागच्या बैठकीत बसेल.

मिस्त्रीने पुढच्या बैठकीला छोटी शिडी लावली. वडिलांनी छत्री माझ्या हातात दिली, कोटाची बटणे लावली आणि शिडी चढून ते पुढे बसले. टाकी त्यांच्या गुडघ्यांवर आली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. ते लहान मुलासारखे दिसत होते. मी त्यांना माझ्यासाठी असे दिसताना कधी पाहिले नव्हते, आणि एक क्षणभर, तेवढाच क्षण, मी गप्प राहिलो. मग ओरडलो.

"बाबा, उतरा."

"का?"

"टाकी तुमच्या गुडघ्यांवर आहे. नाक आपटलं तर फुटेल. आग लागेल."

मागून आतेभाऊ म्हणाला, "मास्साब, आज इतवार आहे. घंटा नका वाजवू. नुसतं पळवायचंय, उडवायचं नाही."

"पळताना पण आपटतं."

वडील माझ्याकडे पाहत होते. "हे तुला आज सुचलं?"

"नाही. दोन महिने झाले."

"मग बोलला का नाहीस?"

"लिहिलं होतं."

"कोणाला?"

"कचेरीला. अभिप्रायात."

"कचेरी तर इंदूरला गेली," वडील म्हणाले.

"हो."

"तू पाठवलंस तेव्हा जातच होती."

उभी हयात कागदांत घालवलेल्या माणसाला माझ्या उत्तराची गरज नव्हती.

"तुला याचा हेवा वाटतो," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. मिस्त्री जमिनीकडे पाहू लागला.

"वाटतो," मी म्हणालो. "तरी उतरा."

ते उतरले. पटून उतरले नाहीत, रागाने उतरले. शिडीवरून खाली येऊन, माझ्यासमोर उभे राहून मला काय वाटेल ते बोलता यावे म्हणून उतरले. त्यांनी छत्री माझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाले, "तुझ्यासारख्या मुलानं—" एवढ्यात मागे, मंद चालू ठेवलेल्या इंजिनाचा आवाज वाढला. आतेभाऊही रागावला होता. आमची वाट न पाहता तो निघाला.

विमान सरळ पळाले. शेपूट उचलले गेले, तेव्हा वडील बोलायचे थांबून तिकडे वळले. मग एका चाकाखाली गाडीवाटेची जुनी चाकोरी आली, उन्हाने विटेसारखी कडक झालेली. विमान अडखळले, नाक जमिनीत घुसले, नाकावरचा पंखा तुटला, शेपूट वर जाऊन पुन्हा खाली आपटले. सगळे शांत झाले. मला वाटले, झाले, वाचला. तेवढ्यात तापलेल्या तव्यावर पाणी पडावे तसा आवाज आला, आणि पुढच्या बैठकीतून ज्वाळा उठली.

शेपूट खाली आल्यामुळे पुढे सांडलेले पेट्रोल तळाच्या फळीवरून मागे वाहिले, आतेभावाच्या पायांकडे. त्याचा एक बूट पायदांडीत अडकला होता. मिस्त्रीने आणि मी त्याला काखेत धरून ओढले, बूट तिथेच राहिला. घोंगडीने आम्ही त्याचे पाय दाबले. दोन्ही पोटऱ्या आणि पावले भाजली होती. तो जगला.

आग विझल्यावर मी सांगाड्याजवळ गेलो. इंजिन मागे ढकलले गेले होते. टाकी, सांधा उकललेली, काळी पडलेली, पुढच्या बैठकीच्या वेताच्या विणीवर येऊन बसली होती. वडीलही माझ्यामागे आले. त्यांनी ते पाहिले. टोपी काढून हातात घेतली, आणि ते बैलगाडीकडे गेले.

आतेभाऊ दीड महिना इस्पितळात होता. वडील रोज साडेनऊला कोट घालून त्याच्या खाटेशी जाऊन बसत. आणि मला, ज्याने त्यांना त्या बैठकीतून खाली उतरवले होते त्या मला, भाजलेल्या माणसाचाही हेवा वाटला. हे लिहायला सोपे नाही, पण खरे आहे.

मी एकदा वडील नसताना गेलो. म्हणालो, "मला दोन महिन्यांपूर्वीच सांगता आलं असतं."

आतेभाऊ छताकडे पाहत म्हणाला, "मालूम आहे. मामांनी सांगितलं." मग बऱ्याच वेळाने, "तू चुकला असतास ना, तर मी तुला माफ केलं असतं. तू बरोबर होतास, त्याचाच गुस्सा येतो रे." आणि आणखी थोड्या वेळाने, "बरं, मग कुठे बसवायची ती?"

मी त्याला गाडी, वीट, डबा, बाहुला, सगळे सांगितले. टाकी इंजिनापासून आणि माणसापासून दूर, पंखात. मधे पत्र्याचा पडदा. नळीला सैल वेढा. तोटी चालवणाऱ्याच्या हाताशी.

"आणि उलटं झालं तर?" त्याने विचारले. "पंख तर डोक्यावर आहे. सगळं डोक्यावर सांडेल."

मी हे तपासलेच नव्हते. एका बाजूचाच दोष शोधायला मी गेलो होतो, आणि तेवढाच मला सापडला होता. मी शाळेत परत जाऊन गाडी उलटी पाडून पाहिली. त्याचे म्हणणे बरोबर निघाले. डबा माणसाच्या थेट वर असला की पाणी बाहुल्यावर येते. पंखात दोन्ही बाजूंना, बाहेर सरकवला की येत नाही. पण मग नळ्या लांबतात, सांधे वाढतात, आणि प्रत्येक सांधा हा गळण्याची एक जागा असतो. पूर्ण निर्धोक जागा मला मिळाली नाही. कमी धोक्याची मिळाली.

काही दिवसांनी मी इस्पितळाच्या दाराशी पोचलो तेव्हा आतेभाऊ वडिलांना हाच प्रयोग समजावून सांगत होता. पाण्याचा पेला हे इंजिन, मोसंबे ही टाकी, उशी हा माणूस. वडील पुढे वाकून ऐकत होते.

"वा," ते म्हणाले. "किती सोपं करून सांगितलंस."

"मामा, हे याचं आहे," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला.

वडिलांनी वळून पाहिले. "असेल," ते म्हणाले, आणि पुन्हा मोसंब्याकडे वळले.

आतेभावाने दुसरे विमान बांधले नाही. त्याची पावले पुढे नीट वळली नाहीत. वडिलांनी माझ्याशी बोलणे सोडले नाही. फक्त त्या सकाळबद्दल ते कधी बोलले नाहीत. माझा अभिप्राय इंदूरहून परत आला नाही. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली, आणि तो कागद कोणत्या पेटीत राहिला ते कोणास ठाऊक.

मी बरोबर होतो, हे माझ्या हेव्याने खोटे ठरत नाही. पण हेव्यामुळेच मी अर्धेच पाहिले आणि उशिरा सांगितले, हेही तितकेच खरे आहे. म्हणून टाकीच्या जागेबद्दल मी वर जे लिहिले आहे ते माझ्या शब्दावर स्वीकारू नका. एक उतरती फळी, चाकांची गाडी, वीट, पत्र्याचे चार डबे आणि चिंध्यांचा बाहुला घ्या. डब्यात पाणीच भरा, पेट्रोल कधीही नाही. डबा प्रत्येक जागी बांधून गाडी सरळ आपटून पाहा, तिरपी आपटून पाहा, उलटी पाडून पाहा, आणि बाहुला कधी भिजतो ते स्वतः तपासा.